बाईंनी तपासलेला जाहीरनामा

माझी बायको शाळेतून निवृत्त झाली आणि थेट आमदारकीला उभी राहिली. तिची पत्रकं वाटत मी महिनाभर चपला झिजवल्या. समोरचा उमेदवार तिचाच जुना विद्यार्थी. मतदानाला आठवडा उरला असताना तो पठ्ठ्या चक्क आपला जाहीरनामा घेऊन आमच्या घरी आला.

"बाई, जरा तपासून द्याल?"

हिने लगेच लाल पेन काढलं. त्यातल्या थापा खोडल्या, पाण्याचा मुद्दा सगळ्यांत आधी घेतला आणि दहापैकी आठ गुण दिले! मी कपाळाला हात लावला.

निकाल लागला. ही एका मताने पडली.

"निदान स्वतःचं मत तरी स्वतःला दिलंस ना?" मी कडाडलो.

"मी माझाही जाहीरनामा तपासला होता," ती शांतपणे म्हणाली. "सहाच गुण पडले."