बारा दिवसांची चव

मार्गिलानच्या पंचक्रोशीत रेशमाचे कोष सरकारी वखारीत जमा होऊ लागले, की घराघरांतल्या स्त्रियांच्या मनात एक भय वस्तीला येई. किड्यांसाठी घरातली उत्तम खोली द्यावी, आपण अंगणात निजावे, दिवसातून आठदा तुतीचा पाला घालावा. परंतु त्यांनी विणलेला एकही कोष आपला नव्हे. तीन वर्षांपूर्वी ओंजळभर कोष मागे ठेवल्यावरून जिला नेले, ती शेजारीण अद्याप परतली नव्हती.

हे ठाऊक असूनही ओयजमोलने टोपलीभर कोष राखले. लेकीचे लग्न शरदात ठरले होते, आणि रेशमी भरताच्या चादरीवाचून आमच्याकडे मुलगी सासरी जात नाही. सासू खोसियत-आया हिच्याच संमतीने कोष उकळले गेले आणि निघालेला धागा उशीत शिवला गेला. उरले ते उकडलेले किडे. पुरावेत तर कुत्री उकरणार, जाळावेत तर दुर्गंध गल्लीभर पसरणार. म्हणून ते कोंबड्यांपुढे टाकले गेले. आठवड्याभरात कोंबड्यांची पिसे तकतकू लागली, आणि दोघी आपल्या चातुर्यावर मनोमन संतुष्ट झाल्या.

अशात एका दुपारी वखारीचा तपासनीस तुर्दिअली अंगणात येऊन बसला. त्याची आई आयुष्यभर रेशीम उकलीत आली होती, हे सर्वश्रुत होते.

"आया, कोंबड्यांना लोणी चोपडता की काय? केवढ्या चमकतायत!"

"त्यांचीच बडदास्त आहे रे बाळा. मला मेलीला कोण चोपडतंय?"

"मग दोन अंडी होऊन जाऊ देत. सकाळपासून नुसत्या चहावर आहे."

दारी आलेल्याला नाही म्हणणे शक्य नव्हते. ओयजमोलने सरकीच्या तेलात अंडी फोडली मात्र, आणि ती सासूकडे वळली. कोष उकळताना जो वास कढईतून उठला होता, तोच आता तव्यावरून उठत होता.

"आया, वास येतोय!" ती कुजबुजली.

"कांदा टाक. भरपूर टाक."

"टाकलाय हो."

"मग आता अल्लाचं नाव घे आणि वाढ."

तुर्दिअलीने पहिला घास घेतला आणि त्याचा जबडा थांबला. 

"कोंबड्यांना काय घालता, केलिन?" इकडे परक्या घरच्या सुनेलाही केलिनच म्हणतात, वडीलधाऱ्या बाईला आया आणि थोरल्या पुरुषाला आका.

"लसूणघास. कोंडा."

"आणखी?"

"खरकटं, आका."

 अंडी संपवून, ताटली रोटीने निपटून तो उठला. मग जेवणासाठी अंथरलेल्या दस्तरखानावरची एक अखंड रोटी उचलून त्याने तिची कड दातांनी तोडली आणि उरलेली ओयजमोलच्या हाती दिली. प्रवासाला निघणारा असे करतो; तो परतेपर्यंत ती रोटी घराने जपायची असते.

"बाराव्या दिवशी येईन. पुन्हा अंडीच करा. तोवर एकही अंडं दाराबाहेर जाता कामा नये."

रोटी भिंतीवरच्या खुंटीला टांगली गेली.

"त्यानं ओळखलं," सासू म्हणाली.

"मग आजच का नाही नेलं मला?"

सासूने बोटांवर बारा दिवस मोजले; तेवढ्यात अंड्यांतली चव उतरवायची होती. उरलेले किडे त्यांनी अंगणातल्या पाटाच्या पाण्यात सोडले, कोंबड्यांना केवळ घास आणि कोंडा घातला. रोज पहाटे एक अंडे बिनमिठाचे उकडून दोघी अर्धे अर्धे खात. तिसऱ्या दिवशी चव तशीच होती. सातव्या दिवशी ती जिभेच्या मुळाशी गेली, पण गेली नाही.

दहाव्या दिवशी सासू म्हणाली, "मला काही लागत नाही बाई."

"तुमची जीभ म्हातारी झालीय."

"आणि तुझी घाबरलीय. तिला आता पाण्यातसुद्धा किडाच लागेल."

बाराव्या दिवशी तुर्दिअली आला, परंतु एकटा नव्हे. सोबत काखेत फाइल धरलेला जिल्ह्याचा अधिकारी होता.

"गल्लीतून तक्रारीचा कागद आलाय," बसता बसता अधिकारी म्हणाला. "कोष उकळलेल्या घरची अंडी लपत नाहीत म्हणे. नुसतं ऐकलंय मी, चाखलं कधी नाही. वाढा."

ओयजमोलने ताटली ठेवली.  अधिकाऱ्याने घास घेतला, डोळे मिटून चघळला, दुसरा घेतला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

तुर्दिअलीने अंड्यांना हात लावला नाही. "मला माझी रोटी द्या," एवढेच म्हणून ती दगडासारखी झालेली रोटी त्याने चहात बुडवली आणि शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. जाताना तो मागे वळला. "केलिन, कोंबड्या विकू नका. कापून खा. आजच."

दार लागताच ओयजमोलने कडी घातली. "आया, सुटलो ना आपण?"

खोसियत-आयाने ताटलीतला उरलेला तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चघळला.

"सुरी आण," ती म्हणाली. "परवा मी खोटं बोलले. चव अजून तशीच आहे."