शबनमची ऐट

मी बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. माझ्या फुंकीवर घोडी नाचली नाही असं धुळ्यात कधी झालं नाही, हे मी चारचौघांत छाती काढून सांगायचो. आता सांगत नाही.

सोनगीरच्या लग्नात घोडीवाल्या नजीरभाईंची शबनम होती. पांढरी, सहा वर्षांची. नवरदेव वर बसला, आम्ही वाजवायला लागलो, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. कान टोकदार, मान ताठ, शेपूट उचललेली, चारही पाय रोवलेले. नवरदेवाचे वडील चुडामण आबा खुशीत आले.

"काय ऐट शे घोडीनी! बठ्ठं गाव दखी ऱ्हायनं."

सगळं गाव बघतच होतं; पोरापोरींनी मोबाइल काढले. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला शबनमच्या अंगातून थरथर जात होती. मला वाटलं, रंगात आली. मी सूर आणखी चढवला. अक्कल कमी आणि फुप्फुसं मोठी, दुसरं काय.

नजीरभाई मात्र लगाम धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी खिशातून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडाशी धरला. एरवी ही गुळासाठी माणसाचा खिसा फाडते. आज तिनं जबडा उघडलाच नाही. गूळ ओठांवरून घसरून रस्त्यावर पडला.

"नवरदेव, उतरा," ते म्हणाले.

"भर मिरवनूकमा उतरा?" आबा भडकले. "लोके काय म्हनतीन?"

नजीरभाई माझ्याकडे वळले. "लोटनभाऊ, वाजवणं थांबवा. ती नाचत नाहीये. तिला आवाज सोसत नाहीये."

धुळ्याहून जनावरांच्या डॉक्टर मोहिनी मॅडम आल्या. त्यांनी शबनमची हनुवटी हलकेच वर केली, तर डोळ्याच्या कोपऱ्यातून एक पडदा बुबुळावर सरकला.

"धनुर्वात," त्या म्हणाल्या. "जखम झाली होती?"

दहा-बारा दिवसांपूर्वी नाल ठोकताना खिळा आत गेला होता. नजीरभाईंनी हळद भरली होती.

"आणि लस?"

"एक टोचली होती. महिन्यानं दुसरी होती. ती राहिली."

"का राहिली?"

नजीरभाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. दुसऱ्या लसीच्या दिवशी आमच्या बँडला जळगावचं लग्न होतं. सुईनं मान सुजली तर घोडी मान टाकून उभी राहील, मिरवणुकीत शोभायची नाही, एक टोचली ना, मग झालं, असं मीच म्हणालो होतो. दवाखान्यात फोन करून तारीख पुढं ढकलली तीही मीच. पुढं म्हणजे कधी, ते कोणी ठरवलंच नाही.

"पहिली लस अंगाला शत्रूची ओळख करून देते, दुसरी लढायला शिकवते," मॅडम म्हणाल्या. "मध्येच सोडली तर भरवसा नाही."

त्यांनी औषधं टोचली. चुडामण आबांनी राग गिळून कापसाची खोली मोकळी करून दिली. शबनमच्या कानांत बोळे घातले, उजेड नको म्हणून खिडक्यांना गोणपाट लावलं. ती आडवी पडली तर उठणं कठीण, असं मॅडमनी बजावलं होतं. मी रोज जायचो आणि दारात बसायचो. हायवेवर ट्रकचा हॉर्न वाजला की मी दार ओढून घ्यायचो. आत नजीरभाई तिला अगदी हळू आवाजात काहीतरी सांगत असायचे.

पाचव्या दिवशी सकाळी ती पडली. दुपारी सगळं संपलं.

खड्डा बुजवून आम्ही बांधावर बसलो होतो, तेवढ्यात नजीरभाईंचा फोन वाजला. हात मातीचे होते, म्हणून त्यांनी तो बांधावर ठेवून स्पीकर लावला. जळगावचं एक नवं गिऱ्हाईक होतं, लग्नासाठी घोडी हवी होती. सोनगीरचा व्हिडिओ त्यानं पाहिला होता.

"तीच घोडी पाहिजे भाऊ. कान उभे करून उभी राहते ती. काय तोरा आहे तिचा!"

नजीरभाईंनी हातांची माती झटकली.

"ती नाही," ते म्हणाले. "दुसरी आहे, चांदणी. तारीख सांगा."

त्यानं तारीख सांगितली.

"त्या दिवशी जमणार नाही. मॅडमनी परवाच तिला पहिली लस टोचली. त्या तारखेला दुसरी आहे."

पलीकडचा हसला. "अहो, इंजेक्शनच ना? चार दिवस पुढं ढकला की."

मी बांधावरचा फोन उचलला.

"तुम्ही लग्न पुढं ढकला," म्हणालो, आणि फोन बंद केला.