घोडीकडे मागायचा केस

"केस ओढू नकोस, पोरी. माग. मानेवर हात ठेव, तिचं नाव घे, आणि मग माग. रागावलेल्या जनावराचा केस रागावलेलाच वाजतो."

बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी पहाटेच्या नमाजानंतर हम्सातूच्या कानात हा आवाज हमखास यायचा. हात दुआसाठी उघडलेले असायचे आणि नजर नकळत भिंतीकडे वळायची. तिथे बाबांचं वाजवायचं जुरकेल टांगलेलं होतं. अर्धा भोपळा, त्यावर ताणून बसवलेलं बकरीचं कातडं, एक दांडा. त्याची एकुलती एक तार मात्र नव्हती. घोड्याच्या शेपटीच्या केसांची ती तार दुष्काळाच्या वर्षी तुटली, आणि त्याच वर्षी गावातले घोडेही गेले. हम्सातूने कुरकुर केली नाही. सोमवार-गुरुवारचे रोजे धरले आणि बोटांना तसबीच्या मण्यांची सवय लावली.

पाणी यायचा दिवस तेवढा तिला जड जायचा.

नदीला तिथे पूर येतो तो ढग नसताना. गावावरचं आभाळ कोरडं ठणठणीत असतं, आणि वरच्या अंगाच्या डोंगरांत कधीचा पडून गेलेला पाऊस वाट चालत चालत गावापाशी पोचतो. आधी वारा ओला लागतो. मग गवतात कुणी कुजबुजावं तसं पाणी शिरतं. त्या संध्याकाळी बाबा हातपाय धुऊन काठावर बसत आणि घराण्याचा एक सूर वाजवत. फार पूर्वी त्यांच्यातली एक मुलगी पाण्याला गेली आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तिला पकडून नेलं. काठावर घागर सापडली, मुलगी नाही. सूर तिचा होता. उंचावर हाक मारल्यासारखा सुरू व्हायचा, पायरी पायरी खाली उतरायचा आणि शेवटच्या पायरीआधी थांबायचा. बाबा तार दाबून गप्प बसत.

"पुढचं तिने म्हणायचं," एवढंच सांगत.

त्या वर्षी पाणी यायच्या थोडं आधी, एका सोमवारी, बोन्काना आपल्या होडीतून आला. हम्सातूचा आतेभाऊ. जहाजांवर स्वयंपाक करत अर्धं आयुष्य समुद्रावर काढलेला.

"जिवंत आहेस होय गं? मी तर तुझ्या मयतीचा भात खायला आलो होतो!"

"ये, ये. खारवलेल्या माशासारखा वाळलायस. वाटेत मांजरं नाही लागली मागे?"

आते-मामे भावंडांनी तिथे असंच बोलायचं असतं. दोघं गोड बोलायला लागली तर शेजारी विचारतात, काही बिनसलं का? एकमेकांच्या घरातलं न विचारता उचलायचं आणि समोरच्याने नाही म्हणायचं नाही, हेही त्यातच आलं. बोन्कानाने आल्या आल्या तिचा कोंबडा मटकावला आणि नवी चटई ताब्यात घेतली.

हम्सातूचा रोजा होता. तिने त्याच्यापुरता चहा उकळला. दुसऱ्या पेल्याला त्याची थट्टा ओसरली.

"हम्सातू, मी मामाचा सूर ऐकला."

"कुठे?"

"समुद्रापलीकडे. मिसिसिपी म्हणून नदी आहे, आपल्या नदीएवढीच गढूळ. जहाज दुरुस्तीला लागलं, तेव्हा धक्क्यावरचा एक हमाल मला त्याच्या आईकडे घेऊन गेला. काळी म्हातारी, तुझ्याहून काळी. अर्लीन नाव. तिच्या घराच्या भिंतीला दोन खिळे, त्यावर केरसुणी बांधायची तार ताणलेली. एकच. त्यावर बाटली घासत वाजवते. म्हणाली, आम्ही याला ब्लूज म्हणतो. हा सूर तिच्या पणजीचा. पणजीला जहाजात घालून आणलं होतं."

हम्सातूचे मणी थांबले.

"आणि ती थांबली नाही गं. मामा जिथे तार दाबायचा, तिथून पुढची पायरी उतरली."

"म्हणून दाखव."

बोन्कानाने गळा साफ केला आणि सूर लावला. अंगणातली बकरी उठून लांब जाऊन बसली.

"राहू दे," हम्सातू म्हणाली. "पाणी यायचं थांबेल." पण बेसूर का होईना, शेवटची पायरी कुठे उतरते ते तिला कळलं होतं.

तो हसला, मग पायाच्या बोटांकडे बघत बसला. "तिने विचारलं, तुमच्याकडे अजून वाजवतात का? मी हो म्हणालो. मामेबहीण वाजवते म्हणालो. तर म्हणाली, पाणी येईल तेव्हा तिला हा सूर पुरा करायला सांग. नदीला कळू दे, आम्ही पोचलो होतो. आम्ही आहोत. मी शब्द दिला."

"माझ्या नावाने?"

"आतेभाऊ आहे. विचारायचं कशाला?"

"कोंबडा नेलास, चटई नेलीस. आता जीभही नेलीस माझी?" ती चिडली होती. पण हा शब्द आता तिचाच झाला होता. आतेभावाने उचललेलं परत मागता येत नाही.

दुसऱ्या दिवशी बोन्कानाने मासेमारीची नायलॉनची दोरी आणून दांड्याला बांधली. छेडली.

"म्हातारा बेडूक," हम्सातू म्हणाली.

त्याने पीळ घट्ट केला.

"आता तरुण बेडूक."

दोरी ताणत गेली, सैल पडत गेली. केसाला जी खरखर असते, रडून बसलेल्या गळ्याची, ती तिच्यात नव्हतीच. बोन्काना वैतागला. "नदीपलीकडे गार्बाची घोडी आहे, वरातीला नेतात ती. उद्या जातो आणि हळूच कापून आणतो चार केस. घोडीला कळणारसुद्धा नाही."

"म्हणूनच तू जायचं नाहीस."

बुधवारी तिचे मणी दिवसभर फिरत राहिले. तसबी धरलेल्या बोटांनी तार धरावी का, हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. मग तिला आठवलं, बाबा जुरकेलला हात लावण्याआधी हातपाय धूत ते नमाजाला धूत तसेच, कोपरापर्यंत, तोच तांब्या घेऊन. लहानपणी तिने विचारलं होतं, नमाज तर झाला, मग आता कशाला? "ती मुलगीही कुणाची तरी अमानतच होती ना," बाबा म्हणाले होते.

गुरुवारी पहाटे नमाज संपवून ती दारात आली, तर वारा ओला लागला. काठावरच्या गवतात कुजबुज सुरू झाली होती. आज संध्याकाळीच.

तिने मूठभर बाजरी ओढणीच्या टोकाला बांधली आणि रोज्याचा संकल्प मनात म्हटला. बोन्काना तिच्या नव्या चटईवर घोरत होता. न विचारता तिने त्याच्या चपला पायात घातल्या, त्याचं वल्हं उचललं, आणि त्याच्याच होडीत जाऊन बसली.

गार्बाच्या घोडीचं नाव तिला ठाऊक नव्हतं. तेवढं आधी विचारावं लागणार होतं. आवाज होऊ न देता तिने वल्हं पाण्यात घातलं.