एका कार्डावर दोन भोकं

"थांबा!" खंडेरावांचा आवाज गाळ्याच्या पत्र्याला आपटून परत आला. "रायफली खाली. लाइट स्थिर होऊ द्या."

वर्षाराणीने गालाला चिकटलेली रायफल सोडवली आणि नळी समोर ठेवूनच ती स्टँडवर टेकवली. एकच छर्रा उरला होता. दहा मीटरवर टांगलेली नेमाची कार्डं क्षणात पिवळी दिसत होती, क्षणात काळवंडत होती. बोईसरच्या एमआयडीसीत रविवारी दुपारी वीज अशी आचके देते यात नवल नव्हतं, पण आजच आणि शेवटच्याच छऱ्याला द्यायची होती? तिने मनातल्या मनात त्या ट्यूबलाइटींचा यथेच्छ उद्धार केला.

शेजारच्या लेनमध्ये नवसीनेही रायफल टेकवली होती. तिने पायांना मुंग्या आल्यासारखे दोन्ही पाय झटकले, मान मोकळी केली आणि पुन्हा उभी राहिली. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. एरवी गाळ्यात शिरल्यापासून ज्यांची तोंडं बंद होत नसत, त्या दोघी सकाळपासून एकमेकींना फक्त 'हां' आणि 'नको' म्हणाल्या होत्या.

कारण सरळ होतं. क्लबकडे स्पर्धेला नेण्याच्या लायकीची रायफल एकच, म्हणून पुण्याच्या राज्य स्पर्धेला इथून एकच बाई जाणार होती. आज दोघींनी क्लबच्या जुन्या रायफलींवर नेम धरायचा आणि जिची बेरीज जास्त तिने ती चांगली रायफल घेऊन पुण्याला जायचं, असं ठरलं होतं.

क्लब म्हणजे तरी काय, पाम गावच्या रस्त्यावरचा एक बंद पडलेला गाळा. खंडेराव एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर बायको म्हणाली, घरात लुडबुडू नका, तेव्हा त्यांनी हा गाळा भाड्याने घेतला. सायकलच्या रिमा, दोरी आणि हँडल जोडून कार्ड पुढे-मागे नेणारी यंत्रं केली. दर छऱ्याला नवं कोरं कार्ड लावायचं. छर्रे अडवायला लोखंडी पत्रा, त्यावर कुठल्याशा कारखान्यातून भंगारात आलेला रबरी पट्टा. बाहेरून आलेला माणूस हसेल असा सगळा थाट. पण त्या सहा लेनमध्ये उभं राहिल्यावर हसायला कुणाला सुचत नसे.

वर्षाराणी विट्याकडची. लग्न होऊन बोईसरला आली, नवरा मनीष रंगाच्या कारखान्यात, ती औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. महिला दिनाला कंपनीने खेळ ठेवले होते, त्यात एअर गनने फुगे फोडायचे होते. तिने सगळे फोडले. बायका टाळ्या वाजवून चहाला गेल्या, पण तिच्या डोक्यातून ते जाईना. खंडेरावांच्या गाळ्याचा पत्ता तिने स्वतःच शोधला. नेम धरला की तेवढ्यापुरती तिला कुणी हाक मारू शकत नसे. सासूची औषधं नाहीत, पोराची फी नाही, कुकरची शिट्टी नाही. आपला श्वास आणि समोरचा काळा गोल, बस्स. असं सुख तिला दुसऱ्या कशात मिळालं नव्हतं, आणि हे सुख आहे असं ती कुणाला सांगायलाही धजली नव्हती. आता पंचेचाळिशी आली, डोळ्याचे डॉक्टर मान हलवू लागले. एकदा, फक्त एकदा पुण्याच्या रेंजवर पाठीला नंबर लावून उभं राहायचं, एवढं तिला हवं होतं. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

नवसीला तिनेच इथे आणलं होतं. नवसी उमरोळीच्या आतल्या पाड्यावरची, कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला. लहानपणी गलोलीने कैऱ्या पाडलेला हात, रायफलीवरही तसाच निवांत पडायचा. पहिले सहा महिने वर्षाराणीने तिला शिकवलं. नंतर शिकवण्यासारखं फार उरलं नाही, आणि ते वर्षाराणीला कौतुकाचं वाटे की टोचे, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं.

"चला," खंडेराव म्हणाले. "शेवटचा छर्रा. सुरू."

तिने रायफल उचलली. मागच्या भिंगासारख्या छिद्रातून बघायचं, तर त्यात पुढची कडी आणि कडीत काळा गोल, इतकंच दिसतं. कार्डावरचा लेनचा नंबरही दिसत नाही. श्वास अर्धा सोडला, थांबवला. गोल कडीत येऊन बसला. बोट दाबत आलं.

फट्!

शेजारून नवसीचा बार झाला आणि त्याच क्षणी वर्षाराणीचं बोट दचकून ओढलं गेलं. खाली, डावीकडे. सात. कार्ड जवळ ओढायच्या आधीच तिला कळलं होतं. खंडेरावांनी इथल्या प्रत्येकाला ती सवय लावलेली होती: छर्रा सुटला की आधी आपण मनाशी सांगायचं, कुठे लागला, मग कार्ड बघायचं. सुरुवातीला सगळेच चुकतात. पण वर्षं गेली की मनाचं आणि कार्डाचं जमतं. वर्षाराणीचं हल्ली क्वचितच चुकायचं.

संपलं, तिला वाटलं. तिने हँडल फिरवलं, दोरी कुरकुरत कार्ड जवळ आलं.

कार्डावर दोन भोकं होती. एक खाली डावीकडे, सातच्या रेघेत. दुसरं बरोब्बर मध्यावर, मधला पांढरा ठिपका गिळून बसलेलं.

"काका," नवसीने हात वर केला होता. तिचा आवाज बारीक झाला होता. "माजं कार्ड कोरं हाय."

खंडेराव आले. नवसीचं कोरं कार्ड पाहिलं, मग वर्षाराणीचं. नवसीच्या पायांकडे पाहिलं आणि च्च केलं. लाइटच्या गडबडीत पाय झटकून उभी राहताना नवसी जराशी तिरकी झाली होती. छिद्रातून काळा गोल दिसला, तो आपलाच धरून तिने बार टाकला होता. या खेळात हे होतं. भल्याभल्यांचं होतं.

"बसा बाकावर," ते म्हणाले. "सगळी बेरीज करतो. मग बोलू."

ते टेबलाशी एकेक कार्ड भिंगाखाली धरू लागले. दोघी बाकाच्या दोन टोकांना बसल्या. बाहेरून कारखान्यांचा तो नेहमीचा उग्र वास येत होता. सात माझा, हे तिला माहीत होतं. पण बेरजेत काय आहे ते माहीत नव्हतं, आणि ते कळेपर्यंत तरी काही बोलायची गरज नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली.

"ऐका." खंडेरावांनी चष्मा कपाळावर चढवला. "या छऱ्याच्या आधी नवसी आठनं पुढं हाय. नवसीला या छऱ्याचं शून्य. दुसऱ्याच्या कार्डावर गेला तो वाया गेला, त्याला इलाज नाही. आता ऱ्हायलं वर्षाराणीचं. हिचा दहा धरला तर ही दोनानं जिंकती. सात धरला तर नवसी एकानं."

त्यांनी दोन भोकांचं कार्ड टेबलाच्या मधोमध सरकवलं.

"कुठलं भोक कुणाचं ते कळत नसंल, तर ज्याचं कार्ड त्याला मोठा आकडा. असा नियम हाय. कळत असंल तर मग नियमाचं काम न्हाई. नवसे, तुला काय वाटलं सुटताना?"

नवसी खाली बघत होती. "चांगला वाटला, काका. पन चांगला वाटलेला तोच दुसरीच्या कार्डावर गेला नं? आता माज्या वाटन्याचा काय भरोसा?"

"वर्षाराणी, तुझा कुठला?"

एक शब्द बोलायचा होता. सात. दोन अक्षरं. तिने तोंड उघडलं, आणि डोळ्यांसमोर पुण्याची रेंज उभी राहिली. कधी न पाहिलेली, फोनवरच्या फोटोत पाहिलेली. ओळीने लेन, चकचकीत फरशी, पाठीवर नाव. नियम तर आपल्या बाजूचा आहे, तिने मनाला सांगितलं. आपण मागितलाय का तो?

"नाही सांगता येत, काका," ती म्हणाली. "त्याच वेळी शेजारी आवाज झाला. गडबडले मी."

यातला दुसरा भाग खरा होता. त्याचाच आधार घेऊन तिने पहिला रेटून नेला.

"मग दहा," खंडेराव म्हणाले, आणि फळ्यावर खडूने तिचं नाव वर लिहिलं.

तिने बाहेर जाऊन मनीषला फोन लावला.

"काय सांगतेस!" तो ओरडलाच. "पुणे? अगं, मी रजा टाकतो. आईला सांगू? थांब, आईलाच देतो." आणि सासू, जिने आजवर या बंदुकीच्या नादाला नाक मुरडलं होतं, तीच म्हणाली, "बरं झालं गं बाई. मेहनत केलीस." वर्षाराणी पायऱ्यांवर बसली. आनंद होईल असं वाटलं होतं. पलीकडे मनीष पुन्हा रजेचं बोलू लागला तेव्हा तिने फोन ठेवून दिला.

ती आत आली तेव्हा नवसी दोन्ही रायफली फडक्याने पुसत होती. हरलेल्या माणसाने पुसावं असा काही नियम नव्हता. ती दर रविवारीच पुसायची.

"ताई, खरंच बरं झालं," नवसी म्हणाली. हसली पण. "तू जायलाच पायजे होतं. एक सांगते, रागवू नको. मी आता नाय येनार इथं."

"म्हणजे?"

"रैवारची ड्युटी मागून घेते. दोन पैसे तरी सुटतील."

"वेडी का तू? एक कार्ड चुकलं म्हणून? अगं, कुणाचंही चुकतं."

"कार्ड चुकलं त्याचं नाय गं." नवसीने फडकं खाली ठेवलं. "पाय हालला, कार्ड चुकलं. त्याला काय! पन ताई, तो छर्रा सुटला ना, मला वाटलं असा आजवर सुटलाच नाय. हात नाय हालला, श्वास नाय हालला. मी मनात बोलले, दहा. आनि निगाला सात. मंजे मला आतून काय कळतच नाय. इतकी वरसं मी आपली उगाच समजत होते का मला कळते. आपला छर्रा कुटं गेला ते ज्याला कळत नाय, त्यानं रायफल कशाला धरायची?"

तिचे डोळे कोरडे होते. ती हे शांतपणे, हिशेब लावल्यासारखं बोलत होती, आणि म्हणूनच वर्षाराणीला ते ऐकवेना. आपण हिचं पुणं घेतलं, एवढंच तिला आतापर्यंत वाटत होतं. पुणं गेलं असतं तर पुढच्या वर्षी आलं असतं. पण हिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला छर्रा आपण खिशात घातला, आणि त्याच्या जागी आपला सात हिच्या पदरात बांधला. हिला तो आयुष्यभर स्वतःचाच वाटणार होता.

"सात माझा होता," वर्षाराणी म्हणाली.

"काय?"

"सात माझा. तुझा बार झाला आणि मी दचकले. बोट ओढलं गेलं. कार्ड यायच्या आधीच मला कळलं होतं, खाली, डावीकडे. दहा तुझा आहे, नवसी. तुला कळलं ते बरोबर कळलं होतं."

नवसीने खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

"मंग मगाशी का नाय बोललीस?"

वर्षाराणीला बरीच कारणं सुचली. नियम, गडबड, डोळे, वय. एकही तोंडातून बाहेर काढायच्या लायकीचं नव्हतं.

"मला पुण्याला जायचं होतं," ती म्हणाली.

खंडेराव टेबलाशी कार्डांच्या गड्ड्या बांधत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, गाळा तेवढाच होता. वर्षाराणी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "काका, माझा सात आहे. मगाशी मी खोटं बोलले."

ते रागावतील असं तिला वाटलं. किंवा, शाब्बास म्हणतील. मग तर ती मेलीच असती. त्यांनी डस्टर उचललं आणि तिच्या हातात दिलं. तिने फळ्यावरचं आपलं नाव पुसलं, खडूने तिथे नवसीचं लिहिलं आणि खाली आपलं. अक्षर वेडंवाकडं आलं. फोन वाजत होता, मनीषचा असणार. तिने तो वाजू दिला.

कुलूप लावायच्या वेळी नवसी टेबलाशी आली. "काका, ते कार्ड मला पायजे."

"कुठलं?"

"दोन भोकांचं."

खंडेरावांनी वर्षाराणीकडे पाहिलं. कार्ड तिच्या नावाचं होतं.

"त्यात माझा सात पण आहे," वर्षाराणी म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," नवसी म्हणाली. "तो काय कापून काढता येते?"

तिने कार्ड घेतलं आणि आधी उजेडाला धरून पाहिलं. मधल्या भोकावरून बोट फिरवलं. धन्यवाद म्हटलं नाही, की झालं गेलं विसर म्हटलं नाही. वर्षाराणीने त्याची वाटही पाहिली नाही.

बाहेर ऊन उतरलं होतं. वर्षाराणीने स्कूटर काढली आणि थांबली. दर रविवारी ती नवसीला उमरोळीच्या फाट्यापर्यंत सोडायची. आज ती बसेल की रिक्षा बघेल, हे विचारायचा तिला धीर झाला नाही. नवसी जरा वेळ रस्त्याकडे बघत उभी राहिली, मग येऊन मागे बसली.

स्कूटर चालू लागली. एरवी खड्डा आला की नवसीचा हात तिच्या खांद्यावर पडायचा. पामच्या वळणावर मोठा खड्डा आला, स्कूटर आदळली, तरी तो पडला नाही. वर्षाराणीने आरशात पाहिलं. कार्डाला घडी पडू नये म्हणून नवसीने ते दोन्ही हातांनी छातीशी सपाट धरलं होतं.