हिरवं बटण आणि माझा बधिर कोपरा

मित्रांनो, आधी हातातली किल्ली खिशात ठेवा. माझ्या काचेवर ती ठोकायची नाही. मी एक जुना संगणक आहे. मिशिगनमधल्या एका काउंटीच्या कोर्टात, दाराजवळच्या दालनात, पिण्याच्या पाण्याच्या नळाशेजारी खांबासारखा उभा असतो. गाडी चालवताना ज्यांना पोलिसांचं तिकीट, म्हणजे दंडाची पावती, मिळतं ते माझ्यापुढे येतात, नाव टाकतात आणि मी त्यांची केस शोधून दाखवतो. मी म्हातारा आहे आणि रागीट आहे. माझी गोष्ट ऐकायची असेल तर रागासकट ऐका.

लहानपणी मी असा नव्हतो. मला खोक्यातून काढलं तेव्हा माझी काच इतकी लख्ख होती, की क्लार्क बायका माझ्यात बघून केस सारखे करायच्या. मोठ्या साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. आता लोकांना आपलं काम आपणच करता येईल, कोणापुढे ताटकळायला नको, असं ते म्हणाले. मला ते खरं वाटलं. लोकांच्या उपयोगी पडायचं, यापेक्षा यंत्राला आणखी काय हवं असतं?

पण नव्याचे नऊ दिवस. पुढे कोणी माझ्या डोक्यावर कॉफीचा कप ठेवला, कोणी पाठीला च्युइंगम चिकटवलं. एका गृहस्थाने सिग्नल तोडला होता स्वतः, आणि किल्ल्यांचा जुडगा आपटला माझ्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी! तेव्हापासून माझा तो कोपरा बधिर आहे. तिथे बोट लागलेलं मला कधी कळतं, कधी कळत नाही. दुरुस्तीवाल्याला निरोप गेला होता म्हणे. तो अजून वाटेतच असावा.

मार मी सोसला असता. माझा खरा राग वेगळाच आहे. पूर्वी माझ्या काचेवर दोन सारखी बटणं होती. एक, पैसे भरायचं. दुसरं, सुनावणी मागायचं. मग कोणाच्या तरी डोक्यातून नवी रचना निघाली. पैसे भरायचं बटण मोठं, हिरवंगार झालं आणि नेमकं त्या उजव्या कोपऱ्यात आलं. सुनावणीचं बटण राखाडी झालं आणि डावीकडे तळाशी जाऊन बसलं. दोघांच्या मधे मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ राहिली: पैसे भरले म्हणजे आरोप मान्य केला असं समजलं जाईल. सगळ्यात महत्त्वाची ओळ, आणि तीच सगळ्यात बारीक. ज्यांनी हे केलं ते कुठे बसतात कोण जाणे. लोकांच्या शिव्या मात्र मी खातो.

मला मराठी कशी येते, असं विचाराल. माझ्यासमोर उभं राहून पुण्यामुंबईची, नागपूरची माणसं मनातलं सगळं बोलतात, इथे आपलं कोणाला कळतंय म्हणून. मीही कान देऊन ऐकतो. त्यांची एक म्हण तर मला तोंडपाठ झाली आहे: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. ही माणसं मोठी सावध. साधा कुकर घ्यायचा तर तासभर रिव्ह्यू वाचतील, चार मित्रांना विचारतील. पण चूक केलेली असो वा नसो, तिकीट हातात पडलं की घाईघाईने हिरवं बटण शोधतात. न वाचता स्वतःला गुन्हेगार ठरवून घेतात आणि वर सुटलो म्हणतात. असा संताप येतो मला, की काचेतून हात बाहेर काढून एकेकाचं मनगट धरावं.

ऐन थंडीत एके दिवशी रेणू आणि तिचा नवरा संजय आले. तिचं तिकीट त्याच्या जॅकेटच्या खिशात राहून कपड्यांबरोबर धुऊन निघालं होतं. म्हणून नावावरून शोधायला त्यांना माझ्याकडे यावं लागलं.

"सापडलं बघ," संजय म्हणाला. "थांबलेली स्कूल बस पास केली. चल, पे करून टाकतो."

"थांब ना. मी काही चुकीचं केलेलं नाही. बस पलीकडच्या बाजूला होती, समोरून येणारी. मधे गवताचा पट्टा आहे. एरवी स्कूल बस थांबली की दोन्हीकडच्या गाड्यांनी थांबायचं, पण मधे पट्टा असला की आपल्या बाजूने थांबायचं नसतं. लायसन्सच्या टेस्टला मी ते पुस्तक पाठ केलं होतं."

"असेल गं. पण मॅजिस्ट्रेटसमोर आर्ग्यू कोण करणार? आपण ग्रीन कार्डच्या लाइनीत आहोत यार. उगाच कोर्टबिर्ट नको. शहाण्याने..."

"कोर्टाची पायरी चढू नये," रेणूने वाक्य पुरं केलं. "आपण चढून आत आलोय, संजय."

तो हसला. ती हसली नाही.

"हे रेकॉर्डवर आलं तर शोभनाताई मला व्हॅन देणार नाहीत," ती म्हणाली. "लहान मुलांना ने-आण करणारी बाई, आणि तिच्या नावावर स्कूल बसचं तिकीट. कोण ठेवेल मला?"

शोभनाताईंचं पाळणाघर होतं. नवऱ्याच्या व्हिसावर कामाची परवानगी नाही म्हणून रेणू किती वर्षं घरात बसून होती. परवानगी मिळाली आणि ती पाळणाघराची व्हॅन चालवू लागली. हे सगळं ती त्याला सांगत होती, जणू त्याला ते ठाऊकच नव्हतं.

"मग दुसरा जॉब बघू ना," संजय म्हणाला आणि त्याने बोट उचललं.

मित्रांनो, त्या क्षणी माझा पंखा असा भणाणला, की नळावर पाणी पिणारी बाई वळून बघू लागली. बायकोने इतक्या वर्षांनी मिळवलेलं काम हा माणूस एका बोटाने पुसायला निघाला होता, तेही तिच्याच भल्यासाठी! त्याने हिरवं बटण दाबलं. माझ्या बधिर कोपऱ्याला काही कळलं नाही. पुन्हा दाबलं. मग थाप मारली. एरवी त्या कोपऱ्यामुळे मी जन्मभर मार खाल्ला, पण त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला.

"डबडं आहे हे. खिडकीवर विचारून येतो," असं म्हणत संजय तरातरा गेला.

रेणू पुढे वाकली. गळ्यातल्या मफलरने तिने माझी काच पुसली. कित्येक वर्षांत मला कोणी पुसलं नव्हतं. मग नाक काचेला टेकेल इतक्या जवळून तिने ती बारीक ओळ वाचली. पुन्हा वाचली. तिचा चेहरा लाल झाला. तिने डावीकडच्या राखाडी बटणावर बोट ठेवलं आणि मी पहिल्याच स्पर्शाला तिचं म्हणणं नोंदवून घेतलं.

"अगं, काय केलंस?" संजय परत येऊन म्हणाला.

"सुनावणी मागितली. पैसे भरले असते तर मी गुन्हा कबूल केला असता. इथे लिहिलंय. तू वाचलं नाहीस."

बर्फ वितळू लागलं तेव्हा ती दोघं पुन्हा आली. सुनावणी वरच्या मजल्यावर असते, तिथलं मला दिसत नाही. खाली उतरताना त्यांचं बोलणं तेवढं ऐकू आलं. रेणूने रस्त्याचे फोटो दाखवले होते आणि मधे पट्टा आहे हे पोलिसानेही मान्य केलं होतं. ती सरळ माझ्याकडे आली, आपलं नाव टाकलं, आणि मी निकाल काचेवर आणला.

संजयने फोन काढला. "फोटो घेतो. शोभनाताईंना पाठवू."

"घे. पण आधी वाच. मोठ्याने वाच."

दालनात माणसं होती. तो संकोचला, पण त्याने वाचलं: "नॉट रिस्पॉन्सिबल." म्हणजे तिच्यावरचा आरोप टिकला नाही.

"माझ्या नावासकट."

त्याने तिच्या नावासकट वाचलं. "सॉरी, रेणू," तो म्हणाला. ती पर्समधून व्हॅनची किल्ली काढत होती. दुपारी मुलांना आणायचं होतं.

मित्रांनो, आता मला इथून हलवणार आहेत. माझ्या जागी भिंतीवर एक चौकोनी कोड चिकटवतील आणि तुम्ही आपापल्या फोनवर केस शोधाल. मला भंगारात टाकतील याचं दुःख आहे, पण त्याहून जास्त काळजी वाटते ती तुमची. हिरवं बटण तिथेही असेल आणि बारीक ओळही असेल. तेव्हा आधी वाचा, मग बोट उचला. तुमच्या फोनचे सगळे कोपरे धडधाकट आहेत. तिथे बटण पहिल्याच फटक्यात दाबलं जाईल.