पुठ्ठ्याच्या चौकटीवरच्या नोंदी

मित्रांनो, मी एक जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर आहे. शाळेच्या भंगाराच्या यादीत माझा क्रमांक चौथा लागला होता, तीन मोडक्या खुर्च्यांच्या मागे. माझी कीव करायला कोणी आले असेल, तर त्याने आल्या पावली परत जावे. मला चार शब्द सुनावायचे आहेत.

माझी रचना साधी आहे. खाली दिवा, वर काच आणि त्यावर मान उंचावलेला आरसा. पारदर्शक कागदावर लिहून तो काचेवर ठेवला की अक्षरे भिंतीवर हातभर मोठी होतात. मी नवा होतो तेव्हा मला हात लावण्याआधी शिक्षक हात पुसत. पुढे नव्याची नवलाई ओसरली आणि माझ्याकडे फक्त गणिताच्या बाई वळू लागल्या. बावीस वर्षे त्यांनी मला दुसऱ्या मजल्यावरच्या वर्गात राबवले. मी इतका तापत असे की पहिल्या बाकावरची मुले वह्या घेऊन मागे सरकत.

बाईंची एक सवय होती. त्यांच्या प्रत्येक पारदर्शक कागदाला पुठ्ठ्याची चौकट असे. तास संपला की त्या चौकटीवर बारीक अक्षरांत लिहीत, आज मुले कुठे अडली, आपण काय चुकलो, पुढच्या वेळी काय करायचे. पुठ्ठ्यातून उजेड जात नाही, त्यामुळे भिंतीवर यातले काही उमटत नसे. ते फक्त शिकवणाऱ्यासाठी होते. निवृत्त होताना बाईंनी तो सगळा खोका माझ्याशेजारी ठेवला आणि मामांना, म्हणजे आमच्या शिपायांना, सांगून गेल्या की नव्या माणसाला हा दाखवा.

मग वर्गात बोटाने चालणारा मोठा फळा आला. मी त्याच्यावर जळत नाही. खोटे कशाला बोलू, थोडा जळतो. कॉम्प्युटरच्या सरांनी बाईंचे सगळे कागद त्यात चढवले, मोठ्या निगुतीने चढवले, पण चौकटी वगळून. त्यांना वाटले, पुठ्ठा म्हणजे नुसती कड. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्याच फाइली सगळ्यांना वाटल्या आणि टाळ्याही पडल्या. मी आणि खोका अडगळीच्या खोलीत गेलो. तिथे मी नुसता धुमसत होतो.

नव्या बाई त्या फाइलींवरून अपूर्णांक शिकवू लागल्या. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश किती, असे विचारताच अख्खा वर्ग म्हणाला, दोन पंचमांश. बाईंनी तीनदा समजावले. चौथ्यांदा त्यांचा आवाज चढला आणि मुलांनी तोंडे मिटली, ती आठवडाभर उघडली नाहीत. मामांना ते बघवेना, त्यांना जुन्या बाईंचा निरोप आठवला. शुक्रवारी त्यांनी बाईंना अडगळीत आणले, कारण शनिवारी भंगारवाला येणार होता आणि खोकाही माझ्याबरोबर जाणार होता.

खोलीतला बल्ब केव्हाच गेलेला. बाईंनी माझी वायर जोडली आणि माझ्या उजेडात एक चौकट वाचली. 'इथे सगळे दोन पंचमांश म्हणतील. मी तीन वर्षे रागावले, उपयोग शून्य. मुलांना फक्त विचार, अर्ध्यात भर घातली, तर उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसे?' बाईंनी ते दोनदा वाचले आणि तिथेच फरशीवर बसून हसू लागल्या.

शनिवारी पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना तेवढेच विचारले. वर्ग एकमेकांशी भांडू लागला आणि भांडता भांडता पाच षष्ठांशावर येऊन पोहोचला.

खाली टेम्पो लागला होता. मुख्याध्यापक वाईट नव्हते, त्यांना फक्त खोली रिकामी हवी होती.

"अहो बाई, सगळं फळ्यात आहे की. हा पसारा कशाला?"

"सर, जुन्या बाई कुठे कुठे चुकल्या, ते फळ्यात नाहीये. ते उतरवून होईपर्यंत मी यातलं काही हलू देणार नाही."

एवढे बोलून त्यांनी पेन काढले आणि मुख्याध्यापकांच्या देखत त्या चौकटीवर लिहिले, 'मीही रागावले.' मुख्याध्यापकांनी जुनी आणि नवी, दोन्ही नोंदी वाचल्या आणि यादीतला चौथा क्रमांक खोडला. टेम्पो खुर्च्या घेऊन गेला.

मित्रांनो, माझा दिवा आता बाजारात मिळत नाही. गेला की गेला. मला पुसा किंवा पुसू नका, मी हात जोडणार नाही. पण शिकवणाऱ्याने आपली चूक जिथे लिहून ठेवली आहे, तिथे कात्री लावाल, तर गाठ माझ्याशी आहे.