उघडी सोडलेली ओळ

हे कुणी खरं मानणार न्हाई, आन् तुमी तरी कशाला मानता? माझी बायको नर्मदा माळावर गायला लागली की मेंढरं चरायची थांबायची. लांडगा यायचा, पण शिकार इसरून मागच्या पायांवर बसून ऐकायचा. एकदा तर त्यानं मान डोलावली. मी येडबानं ह्याच डोळ्यांनी बघितलंय.

आमच्या धनगरांत ओवीची रीत हाय. एकानं ओळ अर्धी म्हणून उघडी सोडायची, दुसऱ्यानं तिचं शेपूट उचलायचं. चाळीस वरसं नर्मदा सोडायची, मी उचलायचो.

दोन वरसांमागं घोंगडीचा फोटो फेसबुकवर टाकायला मी फोन धरला. ती शेजारी बसून चातीवर लोकर कातायली होती, तोंडानं गाणं चालूच. बोट भलतीकडं पडलं आन् तिचाच व्हिडिओ निघाला. फोन हालू न्हाई म्हणून मी दम कोंडून बसलो. तिची ओळ पहिल्यांदाच उघडी राहिली:

दुधनेच्या काठाला मेंढी उभी तान्हेली...

तीच गेली फेसबुकवर. तिसऱ्या दिवशी पूर्णेहून शेपूट आलं. सुकेशनी नावाची पोर, बाप रेल्वेत. तिनं पेटीवर म्हणलं होतं:

पाणी म्होरं, तरी वाट कुणाची पाहिली.

नर्मदा म्हणली, चाळीस वरसांत तुमाला असं एक सुचलं न्हाई. मी आठ दिवस तिच्याशी बोललो न्हाई.

मंग दोघींचं जमलं ते जमलंच. हिनं आमच्या वालूरहून अर्धी ओळ फोनात म्हणून पाठवायची, तिनं पूर्णेहून पुरी करायची. तान्हेल्या मेंढीचं लांबलचक गाणं झालं. भेट मात्र न्हाई. शेवटची ओळ समोरासमोर बसून म्हणायची, असं ठरलं होतं.

पौषात नर्मदाला खोकल्यानं धरलं. चौथ्या दिवशी तिला माती दिली.

गावात सगळे 'नर्मदाबाई होती' म्हणायला लागले. पोरीचा मात्र रोज सकाळी मेसेज: आजी कशी आहे? साऱ्या दुनियेत तेवढ्या एका ठिकाणी ती अजून 'हाय' होती. मी लिहायचो, बरी हाय. पोरीनं पुढची ओळ मागितली. मी दार लावून नर्मदासारखा बारीक आवाज काढला. अशा पाच ओळी पाठवल्या. मंग तिनं लिहिलं, रविवारी येते.

सेलूच्या यष्टीनं आली. काखेत पेटी, पिशवीत आजीला हिरवं लुगडं.

मी सांगितलं, आजी बहिणीकडं जिंतूरला गेली. मेंढरंबी तिच्यामागं यष्टीत चढली, कंडक्टरनं त्यांची अर्धी तिकिटं फाडली. पोरगी हसली न्हाई. खुंटीवरच्या चातीला अर्धवट लोकर तशीच गुंडाळलेली होती, तिकडं बघत राहिली. मंग पेटी उघडून म्हणली, तोवर तुम्हीच म्हणा.

मी डोळे मिटून ओळ धरली. अर्ध्यावर थांबायचं होतं. पण चाळीस वरसांची खोड, शेपूट आपसूक तोंडातून निघालं. ओळ पुरी झाली. पेटी वाजलीच न्हाई.

तिनं लुगडं पिशवीतून काढलं, पुन्हा आत ठेवलं.

"आजोबा, आजी ओळ उघडी सोडायची," ती म्हणली. "मागच्या पाचही अशाच बंद आल्या. मला उचलायला काही ठेवलंच नव्हतं. आजी जिंतूरला नाही."